आधी कोठार उडतं, पोती नंतर परत येतात

मध्यंतरी एकदा साताऱ्याहून आत्याचा फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही, डायरेक्ट, "काय गं, ती तांदळाची पोती आधीच घरी परत आली आणि कोठार नंतर उडालं, हे कसं काय?" मला दोन मिनिटं कळेचना बाई कशाबद्दल बोलतीये, मग ट्यूब पेटली. मी आदल्या रात्री अकरा वाजता झोपाळलेल्या डोळ्यांनी जी चित्रं गॅलरीत अपलोड केली होती ती त्या साइटने स्वतःच्या मनाने उलट्या क्रमाने लावली होती, आणि आत्याने बिचारीने एक ते चौदा सगळी नीट बघितली, खालच्या मराठी ओळींसकट. बाकी चाळीसेक लोकांनी "मस्त" आणि अंगठा टाकून विषय संपवला होता. चूक पकडली ती एकट्या आत्याने.

तर आधी सांगते हे काय चाललंय. नागोयात येऊन सहा वर्षं झाली, नवऱ्याची नोकरी गाड्यांच्या पार्टमधली, माझं भाषांतराचं काम घरूनच, आणि इथे आल्यापासून मला एमाकीचं वेड लागलंय. एमाकी म्हणजे चित्रांची गुंडाळी. कागद एकाला एक चिकटवून केलेला लांबच लांब पट, उंचीला साधारण फूटभर किंवा थोडा जास्त, लांबीला आठ-दहा मीटर सहज, आणि त्यावर एक अख्खी गोष्ट. थोडा मजकूर, मग चित्र, परत मजकूर, परत चित्र. बाराव्या-तेराव्या शतकातले सगळ्यात भारी. 'चित्रपट' हा शब्द आपण सिनेमाला देऊन बसलो नाहीतर ह्याला इतका फिट बसला असता की विचारू नका.

आता हा पट बघायचा कसा, सगळी गंमत त्यातच आहे. तो भिंतीवर टांगायचा नसतो. जमिनीवर नाहीतर बुटक्या मेजावर ठेवायचा, डाव्या हाताने पुढचं उलगडायचं आणि उजव्या हाताने बघून झालेलं गुंडाळत जायचं. समोर एका वेळी उघडं असतं ते हातभर, दीड-दोन फूट. बाकी सगळं एकतर होऊन गेलंय नाहीतर अजून यायचंय. आमच्या घरी आजोबांची जन्मपत्रिका होती, पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेली, ती उभी उलगडायची, वरून खाली, आणि लहानपणी मी ती बघायला मागितली की आजी स्वतः एक टोक धरून बसायची, सोडायची नाही, कारण सोडलं की फर्र्कन गुंडाळी परत बंद. पहिल्यांदा इथल्या एका वर्कशॉपमध्ये एमाकीची नक्कल हातात दिली तेव्हा मला तेच आठवलं, ते कागदाचं मागे ओढणं.

आणि ही गोष्ट मी कुठे नेऊन टाकली? चौकोनी फोटोंच्या गॅलरीत! बारा बारा फोटो एका पानावर, सगळे एकदम दिसतायत, शेवट पहिल्याच नजरेत.

आत्याने पकडलेली गोष्ट आहे शिगीसान एंगी. नारा भागात शिगी नावाचा डोंगर आहे, तिथल्या चोगोसोन्शीजी देवळाची ही बाराव्या शतकातली तीन पटांची कथा. डोंगरावर म्योरेन नावाचा भिक्षू राहतो. तो खाली उतरून भिक्षा मागत नाही, त्याचं सोन्याचं भांडंच उडत जातं, खालचा श्रीमंत माणूस त्यात धान्य घालतो आणि भांडं उडत परत. एक दिवस त्या माणसाला कंटाळा आला, आलंय परत ते भांडं म्हणून त्याने ते कोठारातच राहू दिलं आणि दार लावून टाकलं. मग काय, भांडं बाहेर आलं, कोठाराच्या खाली शिरलं आणि अख्खं कोठार उचलून निघालं डोंगराकडे.

ह्या पहिल्या पटाचा सुरुवातीचा मजकूर आता नाहीये, त्यामुळे उलगडलं की थेट गोंधळच समोर येतो. लोक तोंडं वासून धावतायत, हात वर, बायका ओरडतायत, मालक घोड्यावर चढायच्या गडबडीत, आणि सगळ्यांच्या नजरा वर डावीकडे. तुम्हाला अजून कळलेलं नाही काय झालंय. अजून थोडं उलगडायचं, तेव्हा कागदाच्या वरच्या कडेला, जवळजवळ चित्राबाहेर निसटत चाललेलं कोठार दिसतं आणि त्याच्या बुडाशी ते छोटंसं भांडं. पट डावीकडे उलगडतोय आणि कोठारही डावीकडे चाललंय, म्हणजे तुमचा हातच त्याला पळवतोय जणू. ज्या कुणी हे काढलं (नाव माहीत नाही, उगाच एक-दोन नावं चिकटवतात लोक) त्याला माणसाचा डावा हात काय करतो हे पक्कं माहीत होतं.

पुढे मालक डोंगरावर जाऊन गयावया करतो, भिक्षू म्हणतो कोठार राहू दे इथे, तांदूळ घेऊन जा. एवढी पोती नेणार कशी? तर एक पोतं भांड्यावर ठेवायचं, ते उडालं की मागून बाकीची सगळी रांगेने, हंसांचा थवा जावा तशी. खाली हरणं मान वर करून बघतायत. ती हरणं माझी फार आवडती आहेत, गोष्टीत त्यांचं काहीही काम नाही.

तर ह्या सगळ्याचं मी काय केलं होतं ते बघा. एक, क्रम उलटा. दोन, साइट प्रत्येक चित्राचा आपोआप चौकोन कापते, त्यामुळे लांबट चित्राचा मधलाच तुकडा दिसतो, कोठाराच्या चित्रात कोठारच नव्हतं, नुसता एका माणसाचा वासलेला जबडा आणि खाली पाणी. तीन, 'पुढे' चा बाण उजवीकडे. म्हणजे गोष्ट डावीकडे पळतीये आणि बघणारा उजवीकडे. मराठी माणूस डावीकडून उजवीकडे वाचतो हे बरोबर, पण चित्रातली माणसं तर मराठी वाचत नाहीत ना, ती डावीकडेच धावणार, आणि मग प्रत्येक वेळी बाण दाबला की ती तुमच्याकडे पाठ न करता तुमच्या अंगावर धावून आल्यासारखी वाटतात. मी तीन-चार जणांना विचारलं, कुणाला काही खटकलं नव्हतं, "छान आहेत की चित्रं." हो, चित्रं छानच आहेत, पण मी चित्रं कुठे दाखवत होते, मी गोष्ट दाखवत होते.

मला थोडा दिलासा एवढाच की पट कापून बघण्याचं पाप करणारी मी पहिली नाही. इथे नागोयातच तोकुगावा म्युझियम आहे, आमच्या घरापासून बसने पाऊण तास. तिथे 'गेंजी मोनोगातारी' ह्या जुन्या जपानी कादंबरीवरची एमाकी आहे, बाराव्या शतकातली, त्याचा काही भाग तोक्योच्या गोतो म्युझियमकडे आणि बाकी बराचसा इथे. कादंबरी ५४ प्रकरणांची, त्यातली चित्रं उरलीत विसाच्या आसपास. ती जपण्यासाठी म्हणून १९३२ मध्ये पट सुटे करून त्याची सपाट पानं केली, चौकटीत ठेवायला. आणि आता इतक्या वर्षांनी, गेल्या काही वर्षांत, म्युझियमने त्याची दुरुस्ती करताना परत गुंडाळ्या केल्या! नव्वद वर्षं सपाट राहिलेली पानं परत पट झाली. वर्षातून थोडेच दिवस मूळ चित्रं बाहेर काढतात, तीही सगळी नाही, आणि मी दर वेळी रांगेत उभी असते, नवरा म्हणतो तुला बघून आता गार्ड ओळख दाखवेल.

तिथलं एक चित्र मी कितीही वेळा बघू शकते. कादंबरीचा नायक गेंजी कडेवर बाळ घेऊन बसलाय. बाळ त्याच्या बायकोचं आहे, त्याचं नाही, आणि त्याला ते माहितीये. चेहऱ्यावर काहीही नाही, कारण ह्या शैलीत चेहरा म्हणजे डोळ्याला एक रेघ, नाकाला एक आकडा, हिकिमे कागिबाना म्हणतात त्याला, दरबारातल्या खानदानी माणसांना सगळ्यांना तेच. मग दुःख दाखवणार कसं? खोलीनेच. घरांचं छप्पर काढून टाकलेलं असतं चित्रात, वरून आत बघायचं, आणि पडद्यांच्या, खांबांच्या तिरक्या रेघांनी गेंजीला वरच्या कोपऱ्यात असं दाबलंय की त्याला मान सरळ करायला जागा नाही. फोनवर हे चित्र चौकोनात कापलं की पहिला उडतो तो वरचा कोपरा. म्हणजे गेंजीच.

आणि कापाकापीचाच विषय निघालाय तर साताके घराण्याच्या पटाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो गोष्टीचा पट नाही, छत्तीस कवींचा आहे, पण किस्सा भारी. १९१९ मध्ये तो विकायला निघाला आणि किंमत इतकी की एकट्याला कुणालाच झेपेना, तेव्हा मासुदा ताकाशी म्हणून एक बडे उद्योगपती होते, त्यांच्या पुढाकाराने सरळ पट कापला, ३७ तुकडे केले आणि श्रीमंत संग्राहकांनी चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले. आपल्याकडे भिशी लागते तसं. असं म्हणतात की मासुदांना चिठ्ठीत नेमका एक भिक्षू कवी निघाला आणि ते इतके हिरमुसले की ज्याला सुंदर राजस्त्री लागली होती त्याने ती त्यांना देऊन टाकली. १०० वर्षांनी, २०१९ मध्ये, क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयाने त्यातले ३१ तुकडे एका प्रदर्शनात एकत्र आणले. बाकीचे कुठे कुठे आहेत देव जाणे.

असो. तर गॅलरी. पुण्याला माझा भाचा आहे, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, त्याला मेसेज टाकला की बाबा रे मला चौकोन नकोत, मला एकच लांब पट्टी हवी आणि ती उजवीकडून सुरू व्हायला हवी. तो म्हणाला मावशी हे तर उर्दू वेबसाइटसारखं झालं, एक ओळ टाकायची, डिरेक्शन आरटीएल. खरंच एक ओळ! मी त्या साइटशी दीड महिना भांडत होते, मदतीच्या पानावर लिहिलं तर "तुमचा प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे" एवढंच आलं होतं. भाच्याने शनिवारी दुपारी एक साधं पान बनवून दिलं, काळी पार्श्वभूमी, पट्टी, बास. फोन आडवा धरला की साधारण हातभरच दिसतं, अंगठ्याने सरकवायचं. दिवसभर आपण जे 'स्क्रोल' करतो तो शब्द गुंडाळीवरूनच आलाय, हे सांगितल्यावर भाचा म्हणाला "आईशप्पथ."

तुकडे जोडायचं काम मात्र माझं. म्युझियमं पटाचे फोटो भागाभागात देतात, दोन फोटोंमध्ये थोडा भाग कॉमन, तो जुळवून चिकटवायचा. एका फोटोत कागद पिवळट, पुढच्यात करडा. सरळ जुळतच नाही. त्यात मूळ पटातले कागदाचे जोड वेगळे आणि माझे जोड वेगळे, आणि पहिल्या आठवड्यात मी एकदा मूळ जोडालाच स्वतःची चूक समजून तासभर घासत बसले होते.

परवानगीचंही बघावं लागतं हां, नेटवर आहे म्हणजे आपलंच असं नाही. जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांचं कोलबेस म्हणून एकत्र पोर्टल आहे, तिथले फोटो श्रेय देऊन वापरता येतात. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ मध्ये कॉपीराइट संपलेल्या कलाकृतींचे फोटो पूर्ण मोकळे केले, त्यांच्याकडे कितानो तेंजिन ह्या देवाच्या कथेचे तेराव्या शतकातले सुंदर पट आहेत. बॉस्टनच्या म्युझियमकडे सांजो राजवाड्यावरच्या हल्ल्याचा प्रसिद्ध पट आहे, आगीच्या ज्वाळा अशा की पडदा गरम वाटावा, पण त्यांचे नियम वेगळे म्हणून मी फोटो न टाकता नुसती लिंक दिली.

त्याच मालिकेतला दुसरा पट तोक्योत आहे, तो मात्र टाकलाय. ११५९ च्या हेइजी बंडाची गोष्ट. बंडखोरांनी सम्राट निजोला पकडून ठेवलंय, वय सतरा, आणि तो बाईचे कपडे घालून बैलगाडीतून निसटतोय. दारावर सैनिक गाडी अडवतात, एक जण धनुष्याच्या टोकाने पडदा वर करून आत डोकावतो. नव्या पट्टीत मी बघत होते, अंगठा जिथे थांबतो तिथे नेमकं ते धनुष्य पडद्याला लागलेलं आणि पुढचं काहीच दिसत नाही. जुन्या गॅलरीत सम्राट सुखरूप पोचल्याचं चित्र शेजारच्याच चौकोनात होतं. काय घाबरायचं मग?

(पिंगुळीला एकदा चित्रकथीचा खेळ बघितला होता, तिथेही तसंच, पोथीतलं एक चित्र समोर, बाकीची मागे, आणि गाणं पुढे गेल्याशिवाय पुढचं चित्र येत नाही. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला ते बसल्या जागी आठवलं.)

२०२१ मध्ये तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयाने चोजू-गिगाचे, म्हणजे ते ससे-बेडूक कुस्ती खेळतात ना, त्याचे चारही पट पूर्ण उलगडून लावले होते आणि पहिल्या पटासमोर चक्क सरकता पट्टा बसवला होता, एअरपोर्टवर असतो तसा. लोक उभे, पट्टा चालतोय. गर्दीला उत्तम उपाय, पण वेग मशीनचा. बेडकाने सशाला उताणं पाडलं की मला तिथे थांबून हसायचं असतं, मागे जाऊन परत बघायचं असतं. कोविडचे दिवस होते, मी गेलेच नाही, त्यामुळे हे बोलणं म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

मराठी ओळी लिहिताना मात्र भलतीकडेच अडकायला होतं. गाकी-झोशी म्हणून एक पट आहे, भुकेल्या भुतांचा, पोट नगारा आणि हातपाय काड्या. एका घरात बाळंतपण चाललंय, सगळ्या बायका खुशीत, आणि त्यांच्यात एक गाकी वाकून बाळाकडे हात लांबवतोय, कुणालाच दिसत नाही तो, फक्त आपल्याला. आता गाकी म्हणजे बौद्ध ग्रंथातला 'प्रेत', शब्द आपल्याकडचाच, चिनीतून अर्थ होऊन जपानला गेलेला. पण मराठीत 'प्रेत बाळाकडे हात लांबवतंय' लिहिलं तर वाचणाऱ्याला तिरडीवरून मढं उठल्यासारखं वाटणार. शेवटी 'भुकेलं भूत' लिहिलं. पटावरचा मूळ मजकूर तर वळणदार जुन्या अक्षरात, जपानीची सगळ्यात वरची परीक्षा, एन-१, पास झालेली मी त्यात अंगठाबहाद्दर. 'मिवो' नावाचं एक ॲप आहे, फोटो काढला की जुनी अक्षरं आजच्या लिपीत लिहून देतं, त्याच्या जिवावर चार ओळी लागतात, बाकी म्युझियमच्या टिपा.

आता सध्या शिगीसानचा तिसरा पट लावतीये, दर शनिवारी हातभर. ह्यावेळी मुद्दाम पूर्ण टाकलाच नाही. म्योरेनची मोठी बहीण, आता भिक्षुणी झालेली म्हातारी, वीसेक वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या भावाला शोधत शिनानोहून निघालीये. गावोगाव विचारते, कुणाला माहीत नाही. शेवटी नाराच्या तोदाइजीला येते आणि महाबुद्धासमोर रात्रभर बसते. देवळाची दारं उघडी, आत बुद्धाचा अवाढव्य चेहरा, आणि पायाशी ती मुंगीएवढी. एकदा नाही, त्याच चित्रात ठिकठिकाणी तीच, इथे हात जोडलेत, इथे आडवी झालीये, इथे निघालीये. एक अख्खी रात्र एकाच चौकटीत. ते देऊळ ११८० मध्ये जळालं, बुद्धही, आज तिथे जो आहे तो नंतरचा, त्यामुळे जुना बुद्ध कसा दिसायचा ते ह्या म्हातारीच्या मागे बघायला मिळतं.

पुढे काय होतं ते मला माहितीये. तिने भावासाठी एक जाड आतला कपडा शिवून आणलाय, डोंगरावर थंडी असेल म्हणून, आणि तो इतकी वर्षं नुसता कागदाचा कपडा घालून काकडत बसलाय. पण हे मी गॅलरीत लिहिलं नव्हतं. गेल्या शनिवारी रात्रीच्या बुद्धापर्यंतच टाकलं होतं.

रविवारी सकाळी आत्याचा फोन. ह्यावेळी क्रमाबद्दल तक्रार नव्हती. "डावीकडे सरकवते तर पुढे काळंच येतंय. सापडला का गं तिला तो?"

मी म्हटलं, शनिवारी.

"शनिवारी काय शनिवारी. सांग आत्ता."

नाही सांगितलं. आता रोज एक मिस्ड कॉल असतो.